डोळे वटारलेल्या ब्राउन्या

ब्राउनीला डोळे कशासाठी लागतात, हे मला एकदा कोणीतरी नीट समजावून सांगावं. ऑक्टोबर उजाडला की हॅलोविनच्या निमित्ताने न्यू जर्सीत आमच्या भागातल्या प्रत्येक सुपरमार्केटच्या तोंडाशीच साखरेच्या डोळ्यांची पाकिटं टांगलेली दिसतात. काळं बुबुळ, भोवती पांढरं, पापणी नाही. ते विकत आणायचे, चौकोनी ब्राउनीवर पांढऱ्या आयसिंगच्या आडव्यातिडव्या पट्ट्या ओढायच्या आणि पट्ट्यांच्या फटीत दोन डोळे चिकटवायचे, की झाली ममी. मार्शमेलो वितळवून ओतला की भूत. प्रेट्झेलच्या आठ तंगड्या खोचल्या की कोळी. काळ्या बिस्किटांचा चुरा म्हणजे स्मशानातली माती, तिच्यात उभं रोवलेलं लांबट बिस्किट म्हणजे थडगं. ही थडगी मी दातांच्या डॉक्टरकडे पाहिली आहेत, बँकेच्या काउंटरवर पाहिली आहेत आणि एका वृद्धाश्रमाच्या जेवणघरातही पाहिली आहेत. नव्वदीच्या माणसांपुढे थडग्याचा तुकडा सरकवताना तिथल्या मुलीला काही वाटलं नाही. वाटायचं कारणही नव्हतं, ते थडगं कोणाचंच नसतं.

माझं भुतांशी वाकडं नाही. चॉकलेटशी तर मुळीच नाही. मी ब्राउन्या करते, चांगल्या करते, आणि म्हणूनच माझं डोकं फिरतं.

ब्राउनीचं सगळं वैभव तिच्या माथ्यावर असतं. अंडी आणि साखर मन लावून फेटली, साखर अंड्यांत विरघळली, तर भाजताना वर एक पातळ, चकचकीत, बारीक तडे गेलेला पापुद्रा धरतो. ३५० अंश फॅरनहाइटला ट्रे घालायचा आणि अर्धा तास व्हायच्या आत डोळ्यांत तेल घालून बाहेर काढायचा. टूथपिकला ओलसर कण चिकटून आले पाहिजेत. टूथपिक स्वच्छ निघाली तर तुम्ही ब्राउनी नाही, कोरडा केक केलात. दात लागताच तो पापुद्रा मोडतो आणि खाली घट्ट, ओलं, किंचित कडसर चॉकलेट लागतं. एवढंच तर आहे त्या पदार्थात. १८९३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं तेव्हा बर्था पामर या बाईंनी आपल्या नवऱ्याच्या पामर हाउस हॉटेलातल्या आचाऱ्यांना सांगितलं होतं, की प्रदर्शनाला येणाऱ्या बायकांच्या डब्यात घालता येईल असं केकपेक्षा आटोपशीर काहीतरी करा. त्यांनी जे केलं त्यावर अक्रोड होते आणि जर्दाळूचा पातळ लेप होता. १९०६ सालच्या फॅनी फार्मर यांच्या पाकपुस्तकात ब्राउनीची जी कृती आहे तीत लोणी, साखर, अंडं, चॉकलेट, मैदा, व्हॅनिला आणि अक्रोड. संपली यादी. तिच्यात भूत नाही.

आणि आता त्या पापुद्र्यावर पाव इंच नारिंगी चिखल थापायचा! गवंड्यानेही गिलावा करण्याआधी खालची भिंत कशी आहे ते पाहिलं असतं. अर्थात मी उगाच हळहळते आहे. बहुतेक ठिकाणी खाली पापुद्रा नसतोच. पाकिटातलं पीठ, डब्यातलं आयसिंग, पिशवीतले डोळे, आणि सगळ्याला मिळून नाव काय, तर ‘होममेड’. यात घराचं योगदान म्हणजे नळाचं पाणी आणि विजेचं बिल.

त्या पांढऱ्या पट्ट्यांविषयीही बोलू या, कारण त्यांना सगळे बिनदिक्कत व्हाइट चॉकलेट म्हणतात. अमेरिकेत व्हाइट चॉकलेट म्हणवून घ्यायचं तर त्यात किमान २० टक्के कोकोबटर असावं लागतं. सजावटीसाठी वितळवतात त्या रंगीत चकत्या म्हणजे साखर आणि पाम कर्नल तेल, म्हणून त्यांच्या पाकिटावर चॉकलेट म्हणायची सोयच नसते. काळ्या आयसिंगची तर आणखी मजा. ज्याला हे काम येतं तो कोको घातलेल्या गडद आयसिंगपासून सुरुवात करतो, थोडा काळा रंग घालतो आणि रात्रभर झाकून ठेवतो. रंग मुरत जातो आणि सकाळपर्यंत आपोआप काळा होतो. ज्याला येत नाही तो पांढऱ्यात बाटली उपडी करतो, आणि मग खाणाऱ्याची जीभ कडू, दात काळे. २०१५ साली बर्गर किंगने हॅलोविनसाठी काळ्या पावाचा व्हॉपर काढला होता. तो खाल्लेल्या लोकांना दुसऱ्या दिवशी संडासात जे हिरवंगार दृश्य दिसलं त्याच्या बातम्या देशभर गाजल्या. त्या हॅलोविनला मनापासून घाबरलेली माणसं बहुधा तेवढीच.

रक्तासाठी जो लाल रंग वर्षानुवर्षं चालला, तो रेड थ्री, त्याची हकिगत खरोखर भयकथेत घालावी अशी आहे. उंदरांमध्ये त्याने गाठी होतात म्हणून १९९० साली इथल्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, तो सौंदर्यप्रसाधनांत बंद केला. खाण्यातला मात्र चालू ठेवला. ती परवानगी काढून घेतली गेली जानेवारी २०२५ मध्ये, तीही कंपन्यांना २०२७ पर्यंत मुदत देऊन. म्हणजे तेवढी सगळी वर्षं तो रंग ओठांना फासायला मनाई होती, गिळायला नव्हती.

पण हेही मी पोटात घातलं असतं, जर या ब्राउन्या ज्या पोरांच्या नावाने केल्या जातात त्यांच्या हातात पडल्या असत्या. पडत नाहीत. ही खरी गोम आहे, आणि ती कोणी बोलत नाही.

३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी माझ्या दारात पोरं येतात. कोणी चेटकीण, कोणी डायनासोर, कोणी नुसतंच अंगावर चादर घेतलेलं. त्यांच्या पिशवीत मी स्वतः केलेली ब्राउनी घातली, तर फाटकापाशी उभी असलेली आई हसून ‘थँक यू’ म्हणेल आणि घरी गेल्यावर ती कचऱ्यात टाकेल. मी तिला दोष देत नाही. तिला लहानपणापासून हेच शिकवलं आहे. पिशवीत काय चालतं? कारखान्यात गुंडाळलेलं, शिक्का असलेलं, घटक छापलेलं. शाळेतून येणाऱ्या चिठ्ठीतही तेच असतं: घरी केलेलं आणू नये, सीलबंद आणावं. ॲलर्जीचं कारण मला मान्य आहे. शेंगदाण्याने घसा सुजलेलं मूल ज्याने पाहिलं आहे तो त्यावर वाद घालणार नाही. पण दारातल्या खाऊवरची ही बंदी ॲलर्जीने आणलेली नाही. ती आणली आहे शेजाऱ्याच्या भीतीने, आणि त्या भीतीचा इतिहास तपासला तर हसावं की रडावं कळत नाही.

१९७४ च्या हॅलोविनला टेक्सासमध्ये आठ वर्षांचा एक मुलगा सायनाइड पोटात जाऊन मेला. सगळा देश हादरला: बघा, कोण्या अनोळखी राक्षसाने मुलांना विष वाटलं. राक्षस घरातच होता. रोनाल्ड क्लार्क ओब्रायन, त्या मुलाचा बाप. विम्याच्या पैशांसाठी त्याने पोटच्या पोराला मारलं, आणि संशय शेजाऱ्यांवर जावा म्हणून दुसऱ्या मुलांनाही तोच खाऊ दिला. त्यांनी तो खाल्ला नाही, हे नशीब. १९८४ साली त्याला देहदंड झाला. त्याआधी, १९७० साली, डेट्रॉइटमध्ये एक मूल हेरॉइनने गेलं. तिथेही हॅलोविनच्या गोळ्यांवर हेरॉइन सापडलं. नंतर उघड झालं की मुलाच्या हाती नातेवाइकाचा साठा लागला होता आणि त्या नातेवाइकाला वाचवण्यासाठी घरच्यांनीच गोळ्यांवर ती पूड शिंपडली होती. मग १९८२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात शिकागो भागात टायलेनॉलच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड भरलं, ७ माणसं मेली, आणि लगोलग हॅलोविन आला. त्या सुमारास इस्पितळं पोरांच्या खाऊच्या पिशव्यांचे फुकट एक्स-रे काढून द्यायला लागली. एक्स-रेमध्ये विष दिसत नाही. पण रांगा लागल्या.

आता जरा थांबून पाहा. ओब्रायनने विष कशात घातलं होतं? पिक्सी स्टिक्समध्ये, म्हणजे कारखान्यात भरलेल्या आंबटगोड पुडीच्या नळीत. तिचं तोंड उघडलं, विष भरलं आणि स्टेपलरची पिन मारली. टायलेनॉल कुठलं? दुकानाच्या फळीवरचं, कंपनीचं. दोन्ही ठिकाणी विष निघालं ते विकतच्या, वेष्टनातल्या मालात. शिक्षा झाली कोणाला? शेजारच्या आजीच्या पॉपकॉर्नच्या लाडवांना, कॅरॅमल लावलेल्या सफरचंदांना, घरच्या डोनटला. आणि वेष्टनाला मिळालं निर्दोषत्वाचं प्रमाणपत्र!

डेलावेर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या बातम्या खणून काढल्या. जेराल्ड होरिउची यांच्याबरोबर लिहिलेला त्यांचा निबंध १९८५ साली आला, आणि त्यानंतरही ते दर वर्षी बातम्या तपासत राहिले. दारोदार फिरून मिळवलेल्या खाऊत अनोळखी माणसाने विष घातलं आणि त्याने मूल दगावलं किंवा त्याला गंभीर इजा झाली, असं एकही सिद्ध झालेलं प्रकरण त्यांना सापडलं नाही. आचरटपणा कोणी केलाच नाही असं मी म्हणत नाही. १९६४ साली लाँग आयलंडवरच्या एका बाईने दाराशी आलेल्या घोडपोरांना ‘तुम्ही आता मोठे झालात’ असा धडा द्यायला मुंग्यांचं विष, कुत्र्याची बिस्किटं आणि भांडी घासायची तारेची जाळी वाटली होती. गंमत म्हणून. कोणाला इजा झाली नाही, बाईंवर खटला झाला. पण एका बाईच्या बिनडोकपणापायी अख्ख्या देशाने एकमेकांच्या हातचं खाणं सोडावं?

हा सण मुळात दाराशी येणाऱ्याला खायला घालण्याचा आहे. इंग्लंडात मृतांच्या स्मरणाच्या दिवसांत गोरगरीब आणि पोरं गाणी म्हणत दारोदार जायची. घरातून त्यांना सोल केक मिळायचा आणि त्या बदल्यात ती त्या घरच्या मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची. आयर्लंडात बार्मब्रॅक नावाचा मनुका घातलेला पाव करतात आणि त्याच्या पोटात वस्तू दडवतात. अंगठी आली तर वर्षाच्या आत लग्न. नाणं आलं तर पैसा. कापडाची चिंधी आली तर दारिद्र्य. तो पाव कापताना टेबलाभोवतीच्या माणसांना जे वाटत असेल, ती खरी भीती. श्राद्धाच्या दिवशी कावळा शिवेपर्यंत जीव टांगणीला लागलेल्या घरात जो वाढला आहे त्याला ती लगेच ओळखू येईल. पानात वाढलेलं तुमच्याविषयी काहीतरी जाणतं आणि ते कदाचित वाईट असेल! ममी-ब्राउनी तुमच्याविषयी काही जाणत नाही.

आयरिश आणि स्कॉटिश लोक हे सगळं घेऊन अमेरिकेत आले. इथे १९२०-३० च्या दशकांत टवाळ पोरांनी हॅलोविनच्या रात्री कुंपणं उपटायला, गाड्या उलथवायला सुरुवात केली, तेव्हा गावोगावच्या शहाण्या लोकांनी तोडगा काढला: पोरांना दारात बोलवा, खायला द्या, म्हणजे दंगा करणार नाहीत. दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग आलं, ते १९४७ मध्ये उठलं आणि प्रथा पुन्हा जोमात सुरू झाली. तोवर पोरांच्या हातात पडे ते बरंचसं घरचं. मग छोट्या वेष्टनातल्या चॉकलेटांचा माल आला, आणि सत्तरच्या दशकातल्या भीतीने उरलेलं मैदान मोकळं करून दिलं. २०२३ साली अमेरिकनांचा हॅलोविनवरचा खर्च १२२० कोटी डॉलरांवर जाईल असा किरकोळ व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेचा अंदाज होता. घड्याळंसुद्धा यातून सुटली नाहीत. उन्हाळी वेळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी संपायची, ती २००७ पासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपते. गोळ्या-चॉकलेटवाले ही मागणी कित्येक वर्षं करत होते, कारण हॅलोविनला एक तास उजेड जास्त मिळाला तर पोरं एक तास जास्त फिरतील.

तर दारात ब्राउनी द्यायची नाही. मग ती कोणासाठी करायची? ऑफिसातल्या सहकाऱ्यांसाठी, आणि त्यांच्याही आधी फोनसाठी. खिडकीपाशी नेऊन, खाली काळा कागद पसरून, बाजूला दोन खोट्या भोपळ्यांची मांडणी करून. मुलांना मजा येते, असं मला दरवेळी ऐकवलं जातं. येते ना! पाच वर्षांच्या मुलाच्या हातात डोळ्यांची पिशवी द्या, ते एकाच ब्राउनीवर अकरा डोळे लावील, बाकीचे खाईल आणि आयसिंग शर्टाला पुसेल. ती अकरा डोळ्यांची ब्राउनी मला पाहायला आवडेल. तिच्यात खरंच काहीतरी भुताटकीचं आहे. पण मूल झोपल्यावर आई ते डोळे उपटते आणि दोन-दोन सरळ ओळीत लावते, कारण सकाळी फोटो काढायचा असतो.

कोकोविषयी एकच परिच्छेद लिहिते, कारण जास्त लिहिलं की लोक पान उलटतात. जगातला बहुतांश कोको पश्चिम आफ्रिकेतून येतो. शिकागो विद्यापीठाशी संलग्न नॉर्क या संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या अहवालाप्रमाणे आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत कोकोच्या कामाला जुंपलेली मुलं १५ लाख ६० हजार. त्यांतली बहुतेक धोक्याच्या कामावर: कोयता, ओझी, फवारणी. २००१ साली चॉकलेट उद्योगाने हार्किन-एंगल करारावर सह्या करून २००५ पर्यंत बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार संपवायचं कबूल केलं होतं. मुलांना घाबरवणाऱ्या सणाच्या पदार्थावर मी दुसरं कुठलंही भूत काढणार नाही.

आता आपली मंडळी. आपण परदेशात आलो की दिवाळी आणि हॅलोविन हे दोन्ही सण दुप्पट उत्साहाने करतो आणि दोन्हींतली अक्कल गाळून टाकतो. २०२४ मध्ये ३१ ऑक्टोबरलाच तिकडे महाराष्ट्रात नरकचतुर्दशी होती. त्या आठवड्यात मी चकल्या, करंज्या, शेवेची ताटं शेजारीपाजारी दिली. उजवीकडच्या इटालियन म्हाताऱ्याने दारातच चकली मोडून तोंडात टाकली आणि आणखी मागितली. सीलबंद नव्हती, लेबल नव्हतं. दिवाळीचं ताट म्हणून हे चालतं, आणि त्याच संध्याकाळी त्याच दारातून त्याच हाताने दिलेली ब्राउनी संशयित ठरते. आमच्या ओळखीतल्या मराठी घरांनी यातून काय धडा घ्यावा? त्यांनी फराळही विकतचा आणि डबाबंद वाटायला सुरुवात केली. ब्राउन्या मात्र घरी! बिनअंड्याच्या, कंडेन्स्ड मिल्क घातलेल्या, म्हणजे वरचा पापुद्रा धरायची शक्यताच नाही, आणि वर हळदीने पिवळ्या केलेल्या आयसिंगचा भोपळा. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतही आता हा प्रकार पोचला आहे. कोणत्या फ्लॅटची बेल वाजवायची याची यादी आधी व्हॉट्सॲपवर ठरते. बेल वाजली तर दारामागे कोण असेल हे माहीत नसणं, एवढीच तर त्या रात्रीची गंमत होती. तीही आपण बुकिंग करून घालवली.

यंदा आमच्या मंडळाच्या हॅलोविनच्या कार्यक्रमासाठी खाण्याची यादी फिरत होती. ममी-ब्राउनी, कोळी-ब्राउनी, थडगं-ब्राउनी, सगळं नावांनिशी भरलेलं. मी लिहिलं, बार्मब्रॅक आणते. फोन आला, ते काय असतं? मी सांगितलं: मनुकांचा पाव, एक अंगठी, एक नाणं आणि एक चिंधी, चिंधी ज्याला येईल त्याचं वर्ष वाईट जाणार. पलीकडे बराच वेळ कुजबुज चालली होती. मग सचिवांनी घसा खाकरून विचारलं, “वहिनी, बाकी ठीक आहे हो, पण ती चिंधी सीलबंद मिळेल ना?”